तराजू, पोथी आणि पायपीट

गेल्या वर्षी निकालानंतर एक पालक मला भेटावयास आले. त्यांच्या मुलीला गुण उत्तम पडले होते आणि तिला इतिहास शिकावयाचा होता. संशोधनच करावयाचे तर शास्त्रशाखेला जावे, इतिहासात शोधावयाचे ते काय उरले आहे, जे घडले ते पुस्तकांत छापलेलेच आहे, असे त्यांनी कोकणीतून मोठ्या काकुळतीने विचारले. त्यावेळी मला नीटसे उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

आमच्या गोमंतकात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिताचे प्राध्यापक. इतिहासाकडे ते वळले ते तराजू घेऊन! नाणे हातोहाती फिरले की झिजते. जितके अधिक फिरेल तितके हलके होते. चलनातील साधी नाणी तोलून त्यांनी हे आधी पडताळले आणि मग तक्षशिलेस सापडलेली चांदीची आहत नाणी तोलली. त्या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना वर्ष. केवळ ठशांच्या खुणा. तरीही कोणती आधीची व कोणती नंतरची, याचा अंदाज वजनावरून बांधता आला. हेच गृहस्थ भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांचे पाठ शेकडो हस्तलिखितांतून जुळवीत बसले, आणि हेच पुण्याभोवतालच्या टेकड्या तुडवीत अश्मयुगातील चिमुकली दगडी हत्यारे वेचीत हिंडले. जसा प्रश्न, तसे साधन.

पाठ जुळविणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सहज उमगेल. दोन उत्तरपत्रिकांत एकच विचित्र चूक आढळली की आम्हां शिक्षकांना जे कळते, तेच पोथ्यांच्या अभ्यासकाला कळते! समान चुका असलेल्या पोथ्या एकाच मुळावरून उतरल्या असाव्यात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने याच मार्गाने बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभिलेले हे काम १९६६ साली पुरे झाले.

इरावती कर्वे यांनी आणखी निराळी वाट धरली. माणसे नात्यांना कोणते शब्द वापरतात, हे त्यांनी प्रांतोप्रांती तपासले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. मामाच्या वा आत्याच्या घरी सोयरीक जुळविण्याची रीत त्या शब्दांत अजून घर करून आहे. आमच्या कोकणीलाही हाच मान मिळाला. ज्या बोलीला पुष्कळांनी केवळ घरातली म्हणून हिणविले, तिच्या घडणीवर सुमित्र मंगेश कात्रे यांनी १९४२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

दहा पुस्तकांतून अकरावे जुळविणे यालाही कोणी संशोधन म्हणतात. त्याविषयी न बोललेले बरे.

ती मुलगी अखेर शास्त्रशाखेलाच गेली. वडिलांना मी दोष देत नाही. पोटापाण्याची काळजी कोणाला चुकली आहे? परवा ती भेटली तेव्हा तिने एक वही दाखविली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तीत उतरवून घेतल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे ती आजी कोणाकडून, कोणत्या गावी शिकली, हे लिहिले होते. एवढे टिपण्यास तिला कोणी सांगितले नव्हते. वही निम्मीच भरली आहे, आणि आजीचे वय ब्याऐंशी आहे.