शाळेची सोडत आणि भाड्याची खोली

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात एक तरतूद अशी आहे की, सरकारी मदत न घेणाऱ्या खासगी शाळांनीसुद्धा प्रवेशाच्या वर्गातील निदान २५ टक्के जागा आसपासच्या दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्याव्यात, आठवीपर्यंत त्यांजकडून फी घेऊ नये, व तो खर्च सरकारने ठरल्या दराने भरून द्यावा. शाळावाले कोर्टात गेले. पण १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम केला. पुढे २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांस यातून पूर्ण सूट मिळाली.

जागा थोड्या व मागणारे फार, म्हणून सोडत काढावी लागते. २०२५-२६ सालाकरिता साऱ्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांवर. पंक्तीला तीन लेकरे बसवायची आणि ताट एकालाच वाढायचे, असा हा हिशेब आहे. आमच्या खेड्यांत देवाच्या अंगाला कळी चिकटवून कौल लावतात. उजवी पडली की काम झाले, डावी पडली की घरी जा. आता गुरवाच्या जागी पुण्याचे यंत्र आले आणि कळीच्या जागी मोबाइलवरचा निरोप आला, इतकाच फरक. ज्या चळवळीने बहुजनांच्या मानेवरून दैववादाचे भूत उतरविण्यासाठी हाडे झिजविली, तिच्या मुलखात पोराचे शिक्षण नशिबावर टांगले जावे, हे आम्हांस बोचते.

तरीसुद्धा सोडतीला शिव्या देणाऱ्यांच्या मेळ्यात आम्ही नाही. यंत्राला आडनाव वाचून नाक मुरडता येत नाही. आईबापांची मुलाखत, देणगीची पावती, पुढाऱ्याची चिठ्ठी, या जुन्या दरवाजांपेक्षा आंधळी सोडत शतपटीने बरी. आमची तक्रार निराळी आहे. सोडतीत ज्याचे नाव निघाले नाही त्याला निदान दुःख तरी करता येते. ज्याचे नाव सोडतीत गेलेच नाही त्याची दाद कोण घेतो?

नागापुराचे उदाहरण घ्या. मनमाडच्या रस्त्यावरील या गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. परजिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेला मजूर येथे दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहतो. अर्जासाठी त्याला राहण्याचा पुरावा लागतो. रेशनकार्ड गावाकडे, मतदार यादीत नाव गावाकडे, विजेचे बिल मालकाच्या नावे. मग उरतो भाडेकरार. तो साध्या कागदावरचा चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला, अर्जाच्या तारखेच्या आधीचा, आणि अकरा महिन्यांहून कमी मुदतीचा नसलेला हवा. मजुराने मालकाला करार मागितला की मालक म्हणतो, "खोली खाली कर, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे." झाले! पोराचे नाव यंत्रापर्यंत पोचण्याच्या आधीच कटले. परप्रांतीयाला तर त्याच्या प्रांताचा जातीचा दाखलाही येथे उपयोगी पडत नाही. म्हणजे एक लाखाच्या आतील उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून काढणे, एवढीच वाट राहिली. त्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडते.

ज्याच्याजवळ कागद आहेत त्यालाही नकाशावर आपल्या घराची खूण स्वतः लावावी लागते, कारण एक किलोमीटरच्या आतील मुलांना पहिला मान, त्यानंतर तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. बोट चुकून खूण पलीकडच्या वस्तीवर पडली, तर नाव निघूनही तपासणीत प्रवेश रद्द होतो. हे काम अडाणी माणूस दुकानातल्या पोराकडून पैसे देऊन करून घेतो, आणि खूण कोठे पडली हे दोघांपैकी एकालाही कळत नाही.

आता ९ फेब्रुवारी २०२४ च्या सरकारी नियमाविषयी. एक किलोमीटरच्या आत सरकारी अगर अनुदानित शाळा असेल तर तेथील खासगी शाळेवर २५ टक्क्यांचे बंधन नाही, असा तो नियम होता. सरकारास आमच्या शाळांचा असा अचानक पुळका आला! आम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितो. या नियमाने आमच्या वर्गांत चार पोरे वाढली असती. पण गरिबाच्या पोराला दुसरे दार बंद करून आमचा पट भरावयाचा, हा सौदा आम्हांस नको. मुंबई हायकोर्टाने ६ मे २०२४ रोजी नियमास स्थगिती दिली व १९ जुलैला तो रद्दच केला. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. मात्र निकालाची वाट पाहण्यात सोडतीची यादी अडकली, आणि जूनमध्ये शाळा भरल्या तरी ही मुले जुलै सरत येईतो घरीच बसली. त्या सहा आठवड्यांचा हिशेब कोणीही दिला नाही.

आमच्या शाळेची खरी किंमत सरकारास कळली असती तर तिला वर्गागणिक मास्तर मिळाला असता. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते: पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षण मात्र वरच्यांचे. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. मुलींच्या शाळेची प्रेरणा त्यांना मिळाली ती आमच्याच नगरातील मिस फरार यांच्या शाळेपासून, हे नगरकरांनी विसरू नये. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या.

ही मोठी लढाई चालू राहीलच. तोवर नागापुरात जे आज होण्यासारखे आहे ते आम्ही सांगतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे ५५ वे कलम खोलीमालकांनी कोणाकडून तरी वाचून घ्यावे. भाड्याचा करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी त्या कलमाने भाडेकऱ्यावर नव्हे, मालकावर टाकली आहे. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अगर दोन्ही. करार नोंदला म्हणजे भाडेकरू घर बळकावील, ही भीती खोटी आहे. उलट करार लेखी व नोंदलेला नसेल, तर वाद झाल्यास अटींविषयी भाडेकऱ्याचेच म्हणणे आधी खरे धरले जाते. म्हणजे कागद करण्यात मालकाचाच बचाव अधिक.

महापालिकेच्या सभासदांनी मते मागण्यासाठी ज्या चाळी पायाखाली घातल्या, त्याच चाळींतून सहा वर्षांच्या आतील मुलांची यादी करावी. गावातील शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिरात बसून अर्ज भरून द्यावेत, आणि नकाशावरची खूण आईबापांस दाखवूनच लावावी. २०२५ साली अर्ज जानेवारीच्या मध्यास सुरू झाले होते. करार त्याआधीचा लागतो, दाखल्याला तहसिलीत वेळ लागतो; म्हणून हे सारे दिवाळीच्या आत उरकले पाहिजे.