नादाचे रूपांतर आणि आपले संगीतशिक्षण

संगणकातून उत्पन्न होणारा ध्वनी निर्जीव असतो, असा आक्षेप आपल्या संगीतप्रेमी मंडळींच्या बैठकींत वारंवार ऐकू येतो. आणि लग्नमंडपापासून दूरचित्रवाणीवरील मालिकांपर्यंत जी कृत्रिम सनई आणि कृत्रिम बासरी आपल्या कानांवर अहोरात्र आदळत असते ती लक्षात घेता, या आक्षेपास काहीच आधार नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तथापि या फिर्यादीत आरोपी म्हणून भलत्यालाच उभे केले गेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यातून तयार होऊन आलेला प्रीसेट निवडावयाचा, कळ दाबावयाची आणि जो सूर निघेल तो जसाच्या तसा गाण्यात बसवावयाचा, एवढाच ज्याचा वापर ठरून गेला आहे, त्या साधनाकडून प्राणवान नादाची अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. सिंथेसायझरची, आणि विशेषतः संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरची, शक्ती एका नादाचे, तो वाजत असतानाच, दुसऱ्या नादात रूपांतर घडवून आणण्यात आहे. आणि आपल्या संगीतशिक्षणाने तिची दखल घेण्याची वेळ केव्हाच आलेली आहे.

संगीतशास्त्राच्या आपल्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात: त्याची उच्चनीचता, त्याचे लहानमोठेपण आणि त्याची जाती, म्हणजे ज्यायोगे एकाच पट्टीतील सारंगी आणि सनई डोळे मिटूनही वेगळ्या ओळखता येतात तो गुण. यांपैकी पहिल्या धर्माच्या ठायी आपल्या गवयांनी मींड, गमक आणि आंदोलन यांच्या द्वारे जी सूक्ष्मता संपादन केली, तिला जगाच्या संगीतात फारच थोड्या तोडी सापडतील. तिसरा धर्म मात्र वाद्याच्या घडणीबरोबर एकदाचा ठरून गेलेला आहे, असेच आपण बहुधा गृहीत धरले. वस्तुतः तोही स्थिर नसतो. ज्याँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराने १९६० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रम्पेटच्या स्वराचे संगणकाद्वारे पृथक्करण केले, तेव्हा असे आढळून आले की स्वर जसजसा मोठा होत जातो तसतसे त्यातील वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे सूक्ष्म स्वर, अधिकाधिक प्रबळ होत जातात, आणि उपस्वरांचे हे बदलते प्रमाण कायम करून टाकले की कानाला तो ट्रम्पेट वाटत नाही. निर्जीवपणाचा जो आरोप आपण यंत्रावर करतो, त्याचे मूळ या स्थिरतेत आहे. आणि नादाच्या अंगोपांगांना क्षणोक्षणी हलते ठेवण्याची जी क्रिया, तिलाच या क्षेत्रातील मंडळी मॉड्युलेशन म्हणतात.

या क्रियेचा एक विलक्षण आविष्कार १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांच्या हातून घडला. स्वराला दिलेला कंप ते संगणकावर वाढवीत नेत असता, कंपाची गती एका मर्यादेपलीकडे गेल्यावर त्यांना कंप ऐकू येईनासा झाला आणि त्याच्या जागी नादाची जातीच पालटलेली ऐकू आली. ज्याला आपण आंदोलन म्हणतो तेच अतिशय शीघ्र केले असता नव्या नादाला जन्म देते, हे सत्य ज्याला स्वर हलविण्याची कला वंशपरंपरेने अवगत आहे अशा आपल्या समाजाला तर फारच जवळचे वाटावयास हवे. या शोधाच्या आधारे यामाहा कंपनीने १९८३ साली डीएक्स-७ हे वाद्य बाजारात आणले, आणि त्याचा तयार घंटानाद व तयार पियानो जगभर इतका पसरला की मूळ शोध मागे पडून प्रीसेटचीच सर्वत्र मक्तेदारी झाली.

एका नादाच्या दुसऱ्या नादात होणाऱ्या रूपांतरास मॉर्फिंग म्हणतात, आणि ते म्हणजे काय, याविषयीही बराच गैरसमज आहे. एक ध्वनी हळूहळू कमी करून दुसरा हळूहळू वाढविला, तर मध्यंतरी दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. ते मिश्रण झाले, रूपांतर नव्हे. रूपांतरासाठी दोन्ही नादांचे उपस्वर वेगवेगळे करावे लागतात, एकातील प्रत्येक उपस्वराची दुसऱ्यातील एखाद्याशी जोडी लावावी लागते आणि त्या जोड्यांमधील अंतर क्रमाक्रमाने कापावे लागते, तेव्हा मध्यावर जो नाद उभा राहतो तो सृष्टीतील कोणत्याही वाद्याचा नसतो. चाउनिंग यांच्याच 'फोने' या १९८१ च्या रचनेत घंटेचे नाद ऐकता ऐकता मनुष्याच्या कंठस्वरात परिणत होतात. तेथे एक मोठे मार्मिक तत्त्व हाती लागते: घंटेचे विखुरलेले उपस्वर जेव्हा एकाच सूक्ष्म कंपाने एकदमच हलू लागतात, तेव्हा आपला कान त्यांना एकत्र बांधतो आणि त्यांतून कोणी गात असल्याची खात्री करून घेतो. गाणाऱ्याच्या गळ्यातील नकळत होणारी थरथर ही आपल्या श्रवणाला माणसाच्या अस्तित्वाची सनद वाटते, याहून मोठा धडा संगीताच्या विद्यार्थ्याला कोणते पुस्तक देईल?

आणि हे सारे परदेशी विद्येचे कौतुक आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी क्षणभर तंबोऱ्याजवळ बसावे. खर्जाची तार छेडल्यावर तिचा नाद जसजसा विरत जातो तसतसे तिचे उपस्वर एकामागून एक उजळून निघतात, आणि जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणीही न वाजविलेला स्वयंभू गंधार स्पष्ट ऐकू येतो. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचे स्थिरबिंदू पडतात ते उपस्वर उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा रूढ नियम होता. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की वीणा आणि तंबोरा ही वाद्ये, त्यांच्या घोडीच्या वक्र पृष्ठभागामुळे, हा नियम जुमानीत नाहीत. मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी काढतो आणि गवई तारेखालचा दोरा केसभर सरकवून तिचा आवाज खुलवितो, तेव्हा नादाच्या जातीला हलती ठेवण्याचेच काम ते दोघे करीत असतात. आपल्या संगीताचा पायाच अशा अखंड रूपांतर पावणाऱ्या नादावर उभा आहे.

हार्मोनियमवर जो आक्षेप घेतला गेला तोच येथेही लागू आहे, असे काही जाणकार म्हणतील. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्या वाद्याला आपल्या केंद्रांत मज्जाव केला आणि १९७१ साली अंशतः उठेपर्यंत तो हुकूम अंमलात राहिला. त्यामागील प्रमुख कारण असे की हार्मोनियमचे स्वर ठराविक जागी खिळलेले असून त्यावर मींड घेता येत नाही. बंदी कठोर होती, पण कारण खोटे नव्हते. सॉफ्टवेअर सिंथेसायझरला मात्र हे कारण मुळीच लावता येत नाही, कारण तेथे स्वराची उंची ही केवळ एक संख्या असते आणि ती कोणत्याही दोन श्रुतींच्या मधून इच्छेनुसार सरकविता येते. 'सर्ज' नावाचा जो सिंथेसायझर २०१८ पासून सर्वांना विनामूल्य खुला झाला आहे, त्यात तर स्वरसप्तकाची स्थानेच आपल्या पसंतीने ठरविण्याची मुभा आहे. पट्ट्यांचा जुलूम हा कळफलकाच्या सवयीतून आला. यंत्राच्या स्वभावात तो नाही.

या विद्येशी आपला परिचय नवा आहे, असेही नाही. रॉबर्ट मूग यांनी आपला पहिला सिंथेसायझर १९६४ साली घडविला, आणि त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने एक मूग उभा राहिला. पखवाज वाजविणाऱ्या गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय संगीतकारांनी त्यावर स्वतंत्र ध्वनिरचना केल्या. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग सिंथेसायझरवर वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली, ती दुर्लक्षित राहिली आणि २०१० साली परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर लोकांच्या ध्यानी आली. अहमदाबादच्या ध्वनिफितीही दीर्घकाळ दप्तरात पडून होत्या. प्रयत्न करणारी माणसे होती. त्यांच्यामागून शिकणारे शिष्य मात्र नव्हते, कारण शिकविण्याची तरतूदच कोठे झाली नाही.

ती तरतूद आता करणे अवघड नाही. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळांनी विशारदच्या पातळीवर नादनिर्मितीचा एक प्रात्यक्षिक विषय ठेवावा. त्यात पहिला पाठ तंबोऱ्याचा असावा: लहर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरमधून उपस्वरांनी भरलेली करवती लहर घ्यावी, तिच्यावर तीव्र अनुनाद असलेला फिल्टर बसवावा, आणि स्वर विरत असता तो फिल्टर सावकाश खाली उतरेल असा एन्व्हलप, म्हणजे काळाबरोबर बदल घडविणारा आलेख, जोडावा. फिल्टर खाली येता येता एकेक उपस्वर उजळू लागेल, पाचव्याशी आला की गंधार ऐकू येईल, आणि ज्या विद्यार्थ्याने तो स्वतःच्या हाताने उतरवून ऐकला असेल त्याला स्वयंभू गंधार हा चमत्कार न वाटता समजलेली गोष्ट वाटेल. दुसऱ्या पाठात हाच नाद सारंगीत परिणत करावयास सांगावे, आणि रूपांतराचा प्रत्येक टप्पा का निवडला याचे तोंडी उत्तर घ्यावे. तयार प्रीसेट वापरणाऱ्यास गुण देऊ नयेत. साधा संगणक आणि बरा कानफोन एवढ्यावर हा अभ्यास होतो. परीक्षकांच्या मंडळात गवई आणि तंत्रज्ञ यांच्याबरोबर मिरजेच्या एखाद्या जवारी काढणाऱ्या कारागिरालाही बसवावे. नाद कोठे खुलला आणि कोठे बंद पडला, हे सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा नाही.