घडी मोडून घ्या

इंग्लंडमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन आठवडाभर बाहेर पडायचं, तर हॉटेलचा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. म्हणून इथली साधी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तंबू घेऊन निघतात आणि जमिनीवर झोपून पाठ धरायला लागली की फोल्डिंग कॅम्परकडे वळतात. दोन चाकांची, जेमतेम छातीइतक्या उंचीची एक पेटी गाडीमागे जोडायची. मुक्कामी ती उघडली की दोन्हीकडे पलंग निघतात, मध्ये बाकं, शेगडी, छोटं सिंक. तळ लाकडाचा, भिंती आणि छप्पर कापडाचं. आम्ही डर्बीशरमधल्या एका निवृत्त जोडप्याकडून असा कॅम्पर घेतला, आणि माझं मत पक्कं झालं: ही वस्तू खुशाल जुनी घ्यावी, पण पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय तिच्यावर एक पौंडही टाकू नये.

चाकांवरचं घर घेऊन हौसेनं भटकण्याची इथली परंपरा १८८५ पासूनची. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरनं ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची कॅरॅव्हॅन बनवून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो स्कॉटलंडपर्यंत गेला. सोबत गाडीवान होता, आणि पुढचा रस्ता मोकळा आहे का ते पाहायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. तेव्हा ही चैन फक्त पैसेवाल्यांची होती. फोल्डिंग कॅम्परनं ती शाळामास्तरांच्या आणि बसचालकांच्या घरात आणली, म्हणून मला तो इतका आवडतो. पेनाइन आणि कॉनवे ही त्यातली नावाजलेली नावं, पण त्यांचे नवे कॅम्पर आता निघत नाहीत. चांगला हवा तर जुनाच शोधावा लागतो.

पाहायला गेलात की आधी नाकावर विश्वास ठेवा. झाकण उघडताच कुबट वास आला तर कापड कधीतरी ओलं असतानाच घडी घातलेलं आहे. कोकणात पावसाळे काढलेल्या माणसाला हा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. मग कापड उजेडासमोर धरा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. ते धुऊन फिकट होतात, पूर्ण जात नाहीत. शिवणींवरून बोट फिरवा, चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून पाहा, जिथे कापड घडीवर मुडपतं तिथे विरलंय का ते बघा. सुती किंवा मिश्र धाग्याचं कापड पाण्यात फुगतं आणि सुईची छिद्रं आपोआप बुजतात, त्यामुळे एखाद्या शिवणीतून चार थेंब आले म्हणून घाबरायचं कारण नाही. पाणी रोखणारं द्रावण ब्रशनं लावता येतं. पण बोटानं ताणल्यावर जे कापड फाटतं त्याला औषध नाही, आणि नवं शिवून घ्यायला कधीकधी अख्ख्या कॅम्परच्या किमतीहून जास्त पैसे पडतात.

कापडानंतर लाकूड. चाकांच्या वर, दाराशी आणि कोपऱ्यांत पायानं दाबा. भुसभुशीत लागलं तर प्लायवूड सडलंय. खाली वाकून सांगाड्याचा गंज पाहा. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. असे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर बदलायचा विचार करावा आणि सातच्या पुढे त्यावर रस्त्याला लागूच नये. गॅसच्या रबरी नळीवरही वर्ष छापलेलं असतं, तेही वाचा. आणखी एक गोष्ट. निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूपात यायचाच बंद होतो. एप्रिलच्या थंड पहाटे चहा हवा असेल तर लाल सिलिंडरमधला प्रोपेन घ्या. त्याला रेग्युलेटर वेगळा लागतो.

कायदा फारसा अवघड नाही. डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या परवान्यावरही साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. मागे ओढणाऱ्या गाडीचाच नंबर लावायचा, मोटरवेवर ताशी ६० मैल आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०. मात्र आपली गाडी किती ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत पाहून मगच सौद्याला जावं.

उभारणीचा क्रम पाठ असला की काम सोपं. आधी पाणसळ लावून डावं-उजवं समतल करायचं, लागलं तर एका चाकाखाली फळी घेऊन. मग हातब्रेक, चाकांना ठोकळे, गाडीपासून सोडवणं, पुढच्या लहान चाकानं पुढचं-मागचं समतल, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यांचे चार पाय खाली. हे पाय आधारासाठी असतात. त्यांनी कॅम्पर उचलायला गेलं तर सांगाडा वाकतो. पाय टेकल्याशिवाय पलंगावर कुणी चढायचं नाही, हा नियम मुलांना आधी सांगावा. आम्हाला विकणाऱ्या आजोबांनी एक चांगली गोष्ट केली. त्यांनी स्वतः एकदा उघडून दाखवला, मग घडी घातली आणि म्हणाले, “आता तुम्ही उघडा, आम्ही चहा घेऊन बसतो.” आजी मधूनच काठीनं दाखवत होत्या, कुठला दांडा आधी, कुठला नंतर. त्या तासाभरात जे कळलं ते कुठल्याच पुस्तिकेत नाही. राहता राहिला पहिला मुक्काम. कॅरॅव्हॅनवाल्यांच्या क्लबांशी जोडलेली शेतकऱ्यांची छोटी कुरणं असतात, तिथे एका वेळी पाचच कॅरॅव्हॅनना परवानगी असते. नवख्यानं तो तिथेच करावा. गर्दी नसते, आणि शेजारी आपणहून दोर ताणायला येतात.

आता खरी अट. इथे परतीच्या सकाळी पाऊस असणारच. ओलं कापड घडी करून घरी आणायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते उघडून पूर्ण वाळवावंच लागतं. सोमवारी ऑफिस आहे, अंगण नाही, गाडी रस्त्यावर उभी राहते, अशा घरी चांगल्यातला चांगला कॅम्पर दोन उन्हाळ्यांत बुरशीनं संपतो. लीड्स, लेस्टर, स्लाउ इथल्या आपल्या कितीतरी मराठी घरांत अंगण लहानच आहे. त्यांना मी कळकळीनं सांगते: घरी पूर्ण उघडता येईल एवढी जागा मोजा, आणि नसेल तर चांगला तंबू घ्या. त्यात कमीपणा काही नाही. जागा असेल तर फेब्रुवारीतच शोधायला लागा. ईस्टर जवळ आला की भाव चढतात आणि चांगले कॅम्पर तोवर दुसऱ्यांच्या अंगणात गेलेले असतात.