लघवीचा संसर्ग: चुकीच्या अँटिबायोटिकची किंमत किडनीला मोजावी लागते

लघवीला जळजळ होते, सारखे जावेसे वाटते. घरात कुणीतरी म्हणते, ‘उन्हाळी लागली असेल.’ दोन दिवस धने-जिऱ्याचे पाणी घेतले जाते. मग मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात. तुमच्याही घरी असे होत असेल, तर पुढची माहिती नीट वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेचा अँटिबायोटिक रेझिस्टन्सवरील अहवाल ऑक्टोबर 2025 मध्ये आला. 2023 साली प्रयोगशाळेत तपासलेल्या जिवाणूसंसर्गांपैकी जगात सरासरी 6 पैकी 1 संसर्ग अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात येतो, तिथे हेच प्रमाण 3 पैकी 1 होते. लघवीचे संसर्गही या आकडेवारीत आहेत.

किडनीत नेमके काय होते?

लघवीचे बहुतेक संसर्ग ई. कोलाय या जिवाणूमुळे होतात. ते सहसा मूत्राशयातच थांबतात. काही वेळा मात्र ते मूत्रवाहिनीतून वर चढून किडनीत पोहोचतात.

त्यातले अनेक जिवाणू हिमोलायसिन नावाचे विष सोडतात. ते पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते. विष जास्त असेल तर पेशी फुटते. कमी असले तरी पेशीतले कॅल्शियम वरखाली होऊ लागते आणि पेशी धोक्याचे संदेश सोडते, हे स्वीडनमधील संशोधकांनी 2000 साली दाखवले. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातही एक विषारी घटक असतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. थंडी वाजून ताप येतो, त्यामागे त्याचा मोठा वाटा असतो.

मग पांढऱ्या पेशी धावून येतात. त्या जिवाणू मारतात, पण त्यांच्या रसायनांनी किडनीच्या पेशींनाही इजा होते. सूज फार दिवस राहिली, तर त्या जागी व्रण राहू शकतो. व्रणाची जागा रक्त गाळू शकत नाही.

अँटिबायोटिक जिवाणू मारते, पण मेलेल्या पेशी परत आणत नाही. गोळी लागू पडली नाही, तर तितके दिवस विष तयार होतच राहते. म्हणून रेझिस्टन्स म्हणजे किडनीसाठी वाया गेलेला वेळ.

घाबरून जाऊ नका. वेळेत योग्य औषध मिळाले, तर निरोगी प्रौढांची किडनी बहुतेक वेळा पूर्ववत होते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेह, मुतखडा किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले रुग्ण यांनी मात्र उशीर करू नये.

तुम्ही काय करावे?

- थंडी-ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
- डॉक्टरांनी लघवीचे कल्चर सांगितले, तर शक्यतो पहिल्या गोळीआधी नमुना द्या. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या आणि लगेच लॅबमध्ये पोहोचवा.
- ताप असेल तर कल्चरच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवू नयेत. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तो आल्यावर डॉक्टरांना जरूर दाखवा, कदाचित औषध बदलावे लागेल.
- 48 तासांत ताप उतरत नसेल, तर पुन्हा दाखवा.
- मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्यांतल्या काही किडनीवर ताण आणतात.
- त्रास काहीच नाही, फक्त रिपोर्टमध्ये जिवाणू आहेत, तर बहुतेकांना अँटिबायोटिक लागत नाही. गरोदरपणात मात्र उपचार लागतात.

सेफिक्झिमसारखी औषधे 2014 पासून ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही अनेक ठिकाणी ती सहज मिळतात. दुकानदाराने चिठ्ठी मागितली, तर रागावू नका. तो तुमच्या किडनीच्याच भल्याचे करतो आहे.