गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांना

गर्भसंस्कारांवर व्याख्याने देणारे एक गृहस्थ हल्ली फिटच्या आजारावरही बोलू लागले आहेत. त्यांचे म्हणणे सुटसुटीत आहे: फिटच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येते, म्हणून दिवस राहिले की गोळ्या बंद, नऊ महिने मन शांत ठेवले की फिट येतच नाही. हा करार मेंदूशी कोणी केला, ते गृहस्थ सांगत नाहीत.

त्यांच्या लेखी सगळ्या गोळ्या एकाच माळेचे मणी. व्हॅल्प्रोएटचा धोका मोठा आहे, यात वादच नाही. ते घेणाऱ्या आयांच्या दहापैकी साधारण एका बाळात मोठे जन्मजात व्यंग आढळते. 30 ते 40 टक्के मुलांना पुढे बोलण्या-शिकण्यात अडचणी येऊ शकतात. पण लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम घेणाऱ्यांत व्यंगाचे प्रमाण इतर स्त्रियांच्या जवळपास, शेकडा दोन-तीनच असते. आता गृहस्थांचा मुहूर्त पाहा. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. पाळी चुकणार, चाचणी होणार, सासूबाईंच्या कानावर जाणार, मग व्याख्यान ऐकून गोळी फेकली जाणार. तोवर ती नळी बहुधा मिटलेलीही असते. कण्याचे व्हायचे ते होऊन गेले, पदरात पडली ती फक्त फिट! गोळी एकाएकी तोडली की लागोपाठ झटके येऊ शकतात. त्यात आईला प्राणवायू कमी पडतो, बाळालाही. प्रसंगी दोघांच्या जिवावर बेतते.

मन शांत ठेवण्याबद्दल एवढेच, की फिट झोपेतही येते.

फिट आली की कांदा आणि चप्पल हुंगवणारे याच घराण्यातले. गैरसमज कायद्यातही होता: हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, लग्नाआडचा अडथळा होता. 1999 साली तो शब्द कायद्यातून निघाला, स्थळे पाहणाऱ्यांच्या डोक्यातून अजून निघायचा आहे.

मग करायचे काय? मूल हवे असे ठरले की दिवस राहण्याआधीच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचे. औषध बदलायचे की मात्रा कमी करायची ते तेव्हा ठरते. फॉलिक ॲसिडही तेव्हाच सुरू होते. गरोदरपणात लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी घसरते, म्हणून मात्रा पुष्कळदा उलट वाढवावी लागते. केरळात 1998 पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जाते; त्यांतल्या बहुतेकींची बाळे निर्व्यंग जन्मली आहेत.

दिवस राहिले असतील आणि गोळी चालू असेल, तर आजची गोळी आजच घ्या आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. गोळी व्हॅल्प्रोएटची असेल तरीही ती स्वतःहून तोडू नका.