राजमुद्रेचा मूळ साचा कोणता?

हमरापूर (ता. पेण) : येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मूळ मूर्तीवरून साचा निघतो आणि साच्यावरून शेकडो मूर्ती. मूळ मूर्तीत राहिलेली चूक मग प्रत्येक मूर्तीत उतरते. ज्या स्वराज्याची राजधानी याच जिल्ह्यात होती, त्याच्या राजमुद्रेचे आज नेमके हेच झाले आहे. गाड्यांच्या काचा, टी-शर्ट, फलक, कमानी. सर्वत्र तीच ती संगणकावर काढलेली आकृती.

युरोपीय राज्यचिन्हांसारखी ही ढाल-सिंहांची चित्राकृती नव्हे. ही अष्टकोनात कोरलेली संस्कृत अक्षरे आहेत. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा फर्मावणाऱ्या १६४६ च्या पत्रावर तिचा ठसा आहे. पत्राचा मजकूर मोडीत, मुद्रा मात्र देवनागरीत. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या अक्षरांचे राजकीय मोल कळते.

मूळ ठशात जागेअभावी शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीत नेले आहेत. आजचे रेखाटनकार ते 'सुधारतात', छापील वळणाची अक्षरे बसवतात, कडेला वेलबुट्टी काढतात. 'शाहसूनोः'मधला विसर्ग गळला की षष्ठी विभक्तीच जाते आणि 'शहाजीपुत्राची' हा अर्थ उरत नाही. ठसा फिकट असतो, शाई पसरलेली असते, हे मान्य. पण म्हणून अंदाजाने अक्षरे भरणे हे पुनर्रेखाटन नव्हे.

नौदलाने २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या नव्या ध्वजात मुद्रेवरून केवळ अष्टकोन घेतला, अक्षरांना हात लावला नाही. हा संयम राजकीय पक्षांना साधलेला नाही. २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या ध्वजावर राजमुद्रा आली तेव्हा वाद झाला तो वापराच्या अधिकाराचा. ती अचूक आहे का, हा प्रश्न मागेच राहिला.

अशोकस्तंभाच्या राजचिन्हासाठी २००५ चा कायदा आहे. अधिकृत आकृतीही त्याच्या परिशिष्टात दिली आहे. राजमुद्रा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. बंदी घालून फारसे साधणार नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेखागारात शिवकालीन पत्रे आहेत. त्यांवरील अनेक ठसे शेजारी ठेवून, एकात पुसलेले अक्षर दुसऱ्यावरून वाचून प्रमाण आकृती सिद्ध करता येईल. राज्य शासनाने ती विनामूल्य उपलब्ध करावी. फलक रंगवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या हाती बरोबर नमुना तरी पडायला हवा.