चिखलावरची घसरगाडी

फिनलंड, कॅनडा यांसारख्या देशांत हिवाळ्यात तळी गोठतात आणि मासेमारीची आवड असलेली मंडळी बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. भोक पाडायचे गिरमिट, बसायचे स्टूल, शेगडी, तंबू असा सारा पसारा काठापासून तळ्याच्या मध्यापर्यंत न्यावा लागतो. तो पाठीवर घेण्यापेक्षा ओढत नेणेच तेथे सोयीचे मानतात. टाकाऊ स्कीच्या दोन पट्ट्या, त्यांवर लाकडी पाय, पायांवर पेटी आणि पुढे दोर, अशी बिनचाकी घसरगाडी अनेकजण घरच्या घरी तयार करतात. पाय भक्कम असलेला सत्तरीचा गृहस्थही ती ओढीत निघतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवर. परंतु उन्हाळ्यात धाम, पंचधारा, निम्न वर्धा यांसारख्या जलाशयांचे पाणी मागे सरकते तेव्हा काठ आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. काही ठिकाणी त्यावर गाळपेर होते. पाण्याच्या जवळचा भाग मात्र काळ्या, चिकट चिखलाचा. तेथे सायकल चालत नाही, हातगाडीचे चाक रुतते. जाळी, हवा भरलेली ट्यूब आणि परतताना मासळी हे सारे डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन मासेमाराला तो पट्टा तुडवावा लागतो.

माझ्याकडे येणाऱ्या अशाच एका ढिवर समाजातील आजोबांचे वय 68. ओले जाळे खाली वाकून उचलताना त्यांच्या पाठीत एकाएकी कळ आली. एक्स-रेमध्ये छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरील मणका पुढून चेपलेला दिसला. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाचा मणका मोडण्यासाठी पडावेच लागते असे नाही. वाकून, हात लांब करून 10 किलोचे ओझे उचलले, तर ते कमरेच्या मणक्यांपासून साधारण 50 सेंटिमीटर पुढे असते. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यांच्या मागे जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना दहापट, म्हणजे सुमारे 100 किलोचा जोर लावावा लागतो आणि तो मणक्यांवर दाब होऊन येतो. धडाचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. ओले जाळे अंगापासून दूर धरूनच उचलले जाते, त्यामुळे तर हे गणित अधिकच बिघडते.

औषधे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, काही आठवडे पट्टा आणि लवकरात लवकर चालणे, असा उपचार झाला. दुखणे ओसरले. "वजन उचलायचे नाही" हे सांगणे क्रमप्राप्त होते. त्यावर आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मंग जाळं का आपल्या पायानं घरी येते?" प्रश्न रास्त होता. वजन उचलू नका, हा सल्ला अपुरा आहे. ज्याचे काम ओझ्याशीच निगडित आहे त्याला आपण त्या वाक्याने खाटेवर बसवतो, आणि बसलेल्या माणसाचे स्नायू व हाडे आणखी झिजतात. सूनबाईंनी सांगितले की ते दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ही तक्रार मला मणक्याहून गंभीर वाटली.

चिखलावर ओझे घसरत नेण्याची रीत जगात जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या किनाऱ्यावर कोळंबीची जाळी तपासण्यासाठी लाकडी 'चिखलघोडा' वापरीत. कोळी त्यावर छाती टेकून तो ढकलीत पुढे जातो. जपानमध्ये आरिआके समुद्राच्या दलदलीत फळीवर एक गुडघा टेकवून दुसऱ्या पायाने रेटा देत मासेमार सरकतो. तत्त्व एकच: वजन रुंद तळावर पसरले की ते रुतत नाही. बर्फ कठीण असतो म्हणून तेथे अरुंद पट्ट्या चालतात. चिखलात तशाच पट्ट्या लावल्या तर त्या सुरीसारख्या आत शिरतील. आपल्याला रुंद, गुळगुळीत तळ हवा.

आजोबांच्या नातवाने गावच्या सुताराला हाताशी धरून असा तळ बनवला. 200 लिटरचा प्लास्टिकचा निळा ड्रम आडवा कापून त्याच्या घेरातून सुमारे दोन फूट रुंदीची पट्टी काढली. घेर पावणेदोन मीटरच्या आसपास असल्याने लांबी पुरेशी मिळते, आणि ड्रमचा मूळचा बाक पुढच्या टोकाला आपोआप वर उचललेला राहतो. चिखल खोदला न जाता गाडी त्यावर चढते. मधल्या सपाट भागावर फळी आणि फळीवर भाजीचे प्लास्टिक क्रेट बसवले. स्क्रूची डोकी खालून प्लास्टिकमध्ये बुडवून घेतली, कारण बाहेर आलेले एक डोकेही गाडी अडवते. ड्रम कोणता, हे मात्र मी आवर्जून विचारले. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम धुऊनही वापरू नये. त्यात मासळी ठेवायची आहे. कापलेली कड धारदार राहते. उतारवयातील पातळ कातडी तिने सहज फाटते, म्हणून जुना पाण्याचा पाईप उभा चिरून कडेवर चढवावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे, हे वेगळे सांगायला नको.

दोर हातात धरू नये. हाताने ओढताना अंग एका बाजूला पिळते आणि खांदाही दुखावतो. रुंद, मऊ पट्टा कमरेच्या खाली, नितंबांच्या हाडांवर टेकेल असा बांधून त्याला दोर जोडावा. दोराची लांबी आपल्या उंचीपेक्षा थोडी अधिक असावी. मग जोर मांड्या लावतात, मणक्यांवरची तरफ उरत नाही. पट्ट्याची गाठ एका झटक्यात सुटणारी हवी, कारण पाय घसरला किंवा पाण्याजवळ तोल गेला तर गाडीपासून तत्काळ मोकळे होता आले पाहिजे. धरणाची पाळ उतरताना दोराची गाडी मागून येऊन टाचेवर आदळते. तेवढ्या भागासाठी दोराऐवजी दोन बांबू लावलेले बरे. जड वस्तू तळाशी, मधोमध ठेवाव्यात आणि बांधाव्यात. भेगाळलेल्या कोरड्या जमिनीवर ही गाडी अडखळते. तेथे हिचा हट्ट न धरता चाकाचीच गाडी घ्यावी. आणि क्रेट भरताना-उतरवताना ओझे एकदम न उचलता थोडे थोडे काढावे. सारा मार्ग घसरत आणून शेवटी भरलेले क्रेट वाकून उचलले, तर काय साधले?

घरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण सांभाळणाऱ्यांनाही हे तत्त्व उपयोगी पडते. रुग्णाला उशीकडे सरकवताना काखेत हात घालून उचलू नये. त्याचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही दुखावतात. खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोचेल अशी दुहेरी चादर अंगाखाली घालावी, तिच्याखाली गुळगुळीत प्लास्टिकचा कागद सरकवावा आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी चादर धरून ओढावी. नुसते अंग गादीवर फरफटले तर कातडीखालचे पदर ताणले जातात आणि शय्याव्रणाची सुरुवात होते. काम झाल्यावर प्लास्टिक काढून घ्यावे, नाहीतर घामाने कातडी ओली राहते.

ओढण्याचेही पथ्य आहे. गाडी जागची हलवताना जोर सर्वाधिक लागतो आणि त्या वेळी श्वास रोखला जातो. रक्तदाब एकदम चढतो. तोंडाने श्वास सोडीत सुरुवात करावी. ज्यांना चालताना छातीत दडपण येते, दम लागतो किंवा हृदयाचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी तपासणी झाल्याशिवाय दोराला हात लावू नये. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा ऊन वर येण्यापूर्वी परतावे. मधुमेहींनी चिखलात अनवाणी जाऊ नये आणि घरी येताच पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह, दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावेत. मणका नुकताच मोडलेला असेल तर सुमारे तीन महिने आणि डॉक्टरांची संमती, त्यानंतरच गाडी. तीही आरंभी रिकामी. पायांत बधिरता किंवा अशक्तपणा आला, लघवी तुंबली अथवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.